कुंचल्याचे वळण : सावंतवाडीच्या गंजिफा कार्यशाळेची पाच दशके

सावंतवाडीच्या राजवाड्यात १९७१ साली ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ या नावाने एक कार्यशाळा सुरू झाली. हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचे संच, म्हणजे गंजिफा, आणि लाखकाम केलेल्या लाकडी वस्तू तयार करणे हे तिचे काम. या संस्थेला पन्नासांहून अधिक वर्षे झाली. तिच्याविषयी जेव्हा जेव्हा लिहिले जाते तेव्हा एक वाक्य हमखास येते : या संस्थेने लोप पावत चाललेली कला वाचवली. वाक्य खरे आहे, पण ते पुरेसे नाही. नेमके काय वाचवले, हा प्रश्न त्यात सुटून जातो. जुने संच तर तसेही वाचलेच असते. युरोपातल्या आणि आपल्याकडच्या संग्रहालयांत ते काचेआड व्यवस्थित आहेत. काचेआड ठेवता येत नाही ते कारागिराच्या हाताचे वळण. मासा काढताना कुंचला कुठे टेकायचा, कुठे दाबायचा, शेपटीपाशी कसा उचलायचा, हे पाहून थोडेसे कळते आणि केल्यावरच पूर्ण येते. सुलेखन शिकणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. ‘क’ कसा असतो हे माहीत असणे वेगळे आणि तो शंभरदा सारख्याच डौलाने उमटणे वेगळे. सावंतवाडीच्या कार्यशाळेने पन्नास वर्षे जे केले ते या दुसऱ्या प्रकारचे काम आहे. म्हणून तिचा इतिहास चित्रकलेपेक्षा कित्त्याच्या आणि वळणाच्या, म्हणजे अक्षरकलेच्या अंगाने वाचायला हवा, असे या लेखाचे म्हणणे आहे.

१९७१ पूर्वी : दरबार, चितारआळी आणि छापील पत्ते

गंजिफा हा खेळ इराणी वाटेने हिंदुस्थानात आला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. अबुल फजलने ‘आइने अकबरी’त अकबराच्या दरबारातल्या बारा रंगांच्या संचाचे वर्णन केले आहे. पुढे हा खेळ देशभर पसरला आणि जिथे गेला तिथल्या देवादिकांना त्याने आपल्या पानांवर जागा दिली. आठ रंगांचा, ९६ पानांचा जुना संच मराठी मुलखात चंगकांचनी म्हणून ओळखला गेला, आणि त्याच्या जोडीला दहा अवतारांच्या दहा रंगांचा, १२० पानांचा दशावतारी संच रूढ झाला. बंगालमध्ये विष्णुपूर, ओडिशात पुरी आणि रघुराजपूर, कर्नाटकात म्हैसूर, तेलंगणात निर्मल अशा ठिकाणी गंजिफा करणारी घराणी वसली. कोकणात हे स्थान सावंतवाडीला मिळाले.

सावंतवाडीत गंजिफा तिसऱ्या खेमसावंतांच्या कारकिर्दीत, १७५५ ते १८०३ या काळात आली, असे मानले जाते. धर्मचर्चेसाठी तेलंगणातून दरबारात आलेल्या पंडितांनी हा खेळ सोबत आणला, राजेसाहेबांना तो आवडला आणि त्यांनी गावातल्या चितारी मंडळींकडून तसे संच करून घेतले, अशी घराण्यात चालत आलेली हकिकत आहे. तिचा तपशील बाजूला ठेवला तरी एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. सावंतवाडीत रंग आणि लाख यांचे काम करणारा समाज आधीपासून होता. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळे, भाज्या, खेळणी, पाट, देव्हारे यांवर रंगकाम करणाऱ्या या लोकांच्या वस्तीला आजही चितारआळी म्हणतात. गंजिफा आली ती या तयार हातांत. नवी कला एखाद्या गावात रुजते ती अशीच : खेळ बाहेरून येतो, पण लाख कशी चढवायची, रंग कसा घोटायचा आणि कुंचला कसा धरायचा हे गावाला आधीच ठाऊक असावे लागते.

विसाव्या शतकात हा व्यवसाय ओसरला. त्याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. यंत्रावर छापलेला, चार रंगांचा, ५२ पानांचा विलायती पत्त्यांचा जोड काही आण्यांत मिळू लागला. तो खिशात मावतो, पाने फाटली तर नवा घेता येतो आणि त्यावरचे खेळ लवकर शिकता येतात. त्यासमोर १२० पानांचा हाताने रंगवलेला संच टिकणे अवघडच होते. १९४८ साली सावंतवाडी संस्थान विलीन झाले, रत्नागिरी जिल्ह्याचा भाग बनले, आणि दरबारचे गिऱ्हाईकही उरले नाही. चितारआळीतली घरे लाकडी खेळण्यांवर तगली. गंजिफा करणारे हात मात्र कमी होत होत अखेर पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिरावर येऊन थांबले.

१९७१ ते १९८० : कित्ता

कार्यशाळा सुरू झाली ते १९७१ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्यघटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता रद्द झाली. म्हणजे राजाश्रय नावाची व्यवस्था देशात कायद्याने संपली त्या वर्षी सावंतवाडीच्या राजघराण्याने ही संस्था काढली. म्हणून तिला राजाश्रयाचे उरलेले टोक समजणे चुकीचे ठरेल. दरबाराची मागणी होती तोवर कारागिराला गिऱ्हाईक शोधावे लागत नव्हते. आता वस्तू करायची, ती विकायची आणि त्यातून करणाऱ्याची रोजी निघायची, असा सरळ व्यवहार होता. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी जागा, नाव आणि स्वतःचा वेळ दिला. पण त्याआधी त्यांनी जे केले ते अधिक मोलाचे आहे. दोघेही पुंडलिक चितारी यांच्याकडे शिकायला बसले.

या घटनेकडे भावुकपणे पाहण्याचा मोह होतो : राजा कारागिराचा शिष्य झाला. त्यापेक्षा तिच्यातला व्यवहारी शहाणपणा पाहावा. हाताची विद्या नोंदवहीत उतरवून घेता येत नाही. एखाद्या अधिकाऱ्याने येऊन कृती लिहून घेतली असती, छायाचित्रे काढली असती, नमुन्यादाखल दोन संच घेऊन ठेवले असते आणि विद्या कारागिराबरोबरच गेली असती. ती दुसऱ्या हातात उतरवायची तर कुणीतरी विद्यार्थी होऊन चुका करायला हव्यात आणि जुन्या हाताने त्या दुरुस्त करायला हव्यात. हे काम पुंडलिक चितारी यांनी केले म्हणून पुढचे सारे शक्य झाले. संस्थापकांच्या यादीत त्यांचे नाव राजघराण्याच्या बरोबरीनेच घ्यायला हवे. त्यांच्यानंतर कार्यशाळेत रेघ ओढणारे, रंग भरणारे, लाख चढवणारे, लाकूड कातणारे जे जे आले, त्यांच्यातल्या बहुतेकांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत. त्यांनी रंगवलेले संच मात्र जगभरच्या घरांत आणि संग्रहांत आहेत.

आता कित्त्याकडे वळू. दशावतारी संचात दहा रंग असतात आणि प्रत्येक रंगात बारा पाने. त्यांतली दोन चित्रपाने, राजा आणि वजीर. उरलेली दहा पाने एक ते दहा गणतीची. गणतीच्या पानावर आकडा लिहिलेला नसतो, अक्षरही नसते. मत्स्याच्या तिरीवर तीन मासे असतात, परशुरामाच्या सत्तीवर सात परशू. एका रंगात एकापासून दहापर्यंतची चिन्हे मोजली तर ती ५५ होतात, दहा रंगांत ५५०. वीस चित्रपाने सोडली तर एका संचात कारागिराला साडेपाचशे वेळा ठरावीक चिन्ह काढावे लागते, त्यात कासव पंचावन्न वेळा, तलवार पंचावन्न वेळा. यातले पहिले आणि शेवटचे एकसारखे दिसले पाहिजे. ही अट सौंदर्याची नाही, खेळाची आहे. तीन जणांत १२० पाने वाटली की प्रत्येकाच्या हातात चाळीस पाने येतात. गोल पाने एकमेकांवर सरकवून धरली की प्रत्येकाची जेमतेम कड दिसते. तेवढ्यावरून रंग ओळखता यावा म्हणून प्रत्येक अवताराच्या पानांची जमीन वेगळ्या रंगाची असते, आणि पान टाकल्याबरोबर समोरच्याला गणती वाचता यावी म्हणून चिन्हांची मांडणी ठरलेली असते. जे ठरलेल्या वळणाने काढले जाते, एका दृष्टिक्षेपात वाचले जाते आणि सारखे उमटले नाही तर चुकते, त्याला आपण लिपी म्हणतो. गंजिफाची चिन्हे ही दहा मुळाक्षरांची लिपीच आहे आणि ती रंगवणारा लेखनिक आहे.

यावर कुणी म्हणेल, हे ओढूनताणून आणलेले साम्य झाले. चित्र ते चित्र आणि अक्षर ते अक्षर. या आक्षेपात तथ्य असते तर गंजिफा शिकणाऱ्याची वाट चित्रकाराच्या वाटेसारखी दिसली असती. चित्रकार निरीक्षणातून शिकतो, खरा मासा पाहतो, त्याचे रेखाटन करतो. गंजिफाचा मासा मात्र पाण्यातला नसतोच. आधीच्या संचातला मासा पाहून तो काढलेला असतो. शिकणारा गिरवतो. चुकलेली वेलांटी पुन्हा काढावी तसा चुकलेला कल्ला पुन्हा काढतो. खारीच्या शेपटीच्या केसांच्या बारीक कुंचल्याने न थांबता ओढलेल्या रेघेत जाड-बारीक आपोआप येते, जसे ते बोरूच्या तिरक्या टोकातून येते. रेघ थांबली, हात कापला, की ते लगेच दिसते, आणि खोडून दुरुस्त करण्याची सोय फारशी नसते. मराठी दप्तरांत मोडीचे कारकून वर्षानुवर्षे एकाच वळणाने लिहीत राहिले आणि तरीही जाणकाराला एकाचा हात दुसऱ्याच्या हातापासून वेगळा ओळखता येतो. गंजिफाच्या संचांतही तेच घडते. वळण सर्वांचे एक, हात प्रत्येकाचा वेगळा. चित्रकाराला स्वतःचे काहीतरी वेगळे करण्याची मुभा असते. लेखनिकाची आणि चिताऱ्याची ओळख वळणाच्या आत राहूनच उमटते.

पहिल्या दशकात कार्यशाळेने या वळणाबरोबर सामग्रीची घडीही बसवली. गंजिफाचे पान करण्याची जुनी रीत दमवणारी होती. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, वाळवायचे, खडूच्या भुकटीचा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचे, गोल कापायचे, जमिनीचा रंग द्यायचा, मग चिन्हे आणि चित्रे, आणि शेवटी लाखेचे रोगण. कामाच्या दोन पातळ्या पूर्वीपासून होत्या, दरबारी कलम आणि बाजार कलम. दरबारी संचात पानांना नक्षीदार किनार, बारीक तपशील. बाजारच्या संचात किनारीला फाटा आणि हात वेगवान. जुन्या चिताऱ्यांना दोन्ही येत असे, आणि कार्यशाळेनेही दोन्ही ठेवले. दर्जाचा आग्रह धरणाऱ्याला असे वाटू शकते की फक्त दरबारी कलमच जपायला हवे होते. तसे केले असते तर कला वाचली असती, पण कारागिरांना शिकायला जागा राहिली नसती. नव्या हाताला सराव लागतो तो बाजार कलमावरच. सुलेखनकाराने आयुष्यभर मानपत्रेच लिहावीत आणि साधे अक्षर कधी लिहू नये, असे कुणी म्हणत नाही.

१९८१ ते १९९० : बाहेरून आलेली नजर

१ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला आपली ओळख सांगायची होती. मालवणचा किल्ला, दशावतार, काजू-आंबा यांच्या पंक्तीत सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा येऊन बसली ती याच काळात. त्याच सुमारास कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन यांचा गंजिफांवरचा ग्रंथ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९८२ साली प्रसिद्ध केला. लायडेन जर्मन, पण मुंबईत राहून लिहिणारे. आधुनिक भारतीय चित्रकारांच्या पहिल्या पाठीराख्यांपैकी एक. त्यांनी देशभरचे संच जमवले, रंग आणि चिन्हांची तुलना केली आणि कोणता संच कुठल्या मुलखाचा हे ओळखण्याची शिस्त घालून दिली.

या अभ्यासाचे मोल मान्य करूनही एक फरक नोंदवायला हवा. अभ्यासकाला तयार पान दिसते. कुठल्या क्रमाने रेघा आल्या, कुठला रंग ओला असताना दुसरा लावला, कुठे कुंचला पुन्हा बुडवला, हे त्याला तर्काने काढावे लागते. कार्यशाळेला हे माहीत होते, कारण तिथे ते रोज घडत होते. मराठी मुलखातील चित्रपरंपरेत नवव्या अवताराच्या जागी बुद्धाऐवजी विठ्ठल येतो ही गोष्ट अभ्यासकाने लिहून ठेवली. कमरेवर हात ठेवलेला विठ्ठल त्या गोल पानात किती रेघांत बसतो हे कारागिराने ठरवले. दोघांनाही एकमेकांची गरज होती. जुने संच पाहिल्यावर कार्यशाळेला आपला कित्ता तपासता आला, आणि कार्यशाळा जिवंत होती म्हणून ते जुने संच हरवलेल्या खेळाचे अवशेष ठरले नाहीत.

१९९१ ते २०१० : पर्यटक आणि प्रश्न

१९९५ साली शिवरामराजे गेले. ते विधानसभेवर एकाहून अधिक वेळा निवडून गेले होते, सावंतवाडीतल्या शैक्षणिक कामातही त्यांचा वाटा होता, पण त्यांचे टिकाऊ काम शोधायचे तर या कार्यशाळेकडे बोट दाखवावे लागेल. त्यांच्यानंतर तिची धुरा सत्त्वशीलादेवींनी सांभाळली. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून त्या सावंतवाडीत आल्या होत्या. कलेचा संस्कार त्यांच्या माहेरीही होता. पण त्यांची खरी थोरवी ही, की कार्यशाळेच्या कामात त्यांनी आश्रयदातीची भूमिका न घेता स्वतः कुंचला हातात धरला. कुठल्याही कार्यशाळेत मजुरी, वेळ आणि पद्धत यांवरून मतभेद होत असतातच. ते बाजूला ठेवून कारागीर आणि चालक यांनी मिळून काम पुढे चालू ठेवले, ही नोंद पुरेशी आहे.

१९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीला खुला झाला. मुंबई आणि गोव्याहून येणारी माणसे राजवाड्यात डोकावू लागली. गिऱ्हाईक बदलले तशी वस्तूही बदलली. गंजिफाची चित्रे तबकांवर, पेल्याखालच्या चकत्यांवर, पेट्यांवर, मेजांवर आणि खुर्च्यांवर उतरली. नवग्रहांचा १०८ पानांचा संच, राशींचा १४४ पानांचा संच आणि ५२ पानांचे विलायती रचनेचे, पण गंजिफाच्या शैलीतले पत्ते हेही कार्यशाळेत होतात.

यावरचा आक्षेप गंभीर आहे आणि तो सभ्यपणे बाजूला सारून चालणार नाही. गंजिफा हा खेळ होता. आता ती भिंतीवर टांगायची किंवा भेट द्यायची वस्तू झाली. ती कुणी खेळत नसेल तर तिच्यातली लिपी वाचली जात नाही, आणि न वाचली जाणारी लिपी केवळ नक्षी उरते. आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मान्य करावा लागेल. खेळणारे आज अगदी मोजके आहेत. पण दुसरा अर्धा तितकासा खरा नाही. मोडीत आज कुणी पत्रे लिहीत नाही, तरी मोडी वाचणारे आहेत म्हणून दप्तरे मुकी झालेली नाहीत. शिवाय खेळणारे पुन्हा निर्माण होऊ शकतात. पानेच नसतील तर ते कशाने खेळतील? आज सावंतवाडीत दशावतारी संच होतो तो पूर्ण १२० पानांचा होतो, त्यात दहाही रंगांची गणती आणि मांडणी असते. त्यावर आजही डाव मांडता येतो. वस्तू भेट म्हणून विकली गेली, पण तिची रचना खेळाचीच राहिली. कार्यशाळेने पर्यटकाच्या सोयीसाठी निवडक दहा पाने विकून चालवले नाही, पूर्ण संच करणे सोडले नाही, हा निर्णय या दोन दशकांतला सर्वांत महत्त्वाचा होता, असे माझे मत आहे. तबके आणि चकत्या विकून जी रोजी मिळते तिच्यावर पूर्ण संचाचे कष्ट पेलता येतात. कासव पंचावन्न वेळा काढणे त्या चकत्यांनी शक्य केले.

२०११ ते आजपर्यंत : मानांकन, आणि खेळणाऱ्यांची वाट

जुलै २०१८ मध्ये राजमाता सत्त्वशीलादेवी गेल्या. संस्थापकांपैकी अखेरचा हात थांबला. तो क्षण अशा संस्थांना फार कठीण असतो, कारण व्यक्तीवर उभ्या राहिलेल्या संस्था व्यक्तीबरोबर खचतात. इथे तसे झाले नाही. राजघराण्याच्या पुढच्या पिढ्यांनी कार्यशाळा चालू ठेवली, आणि राजवाड्याचा काही भाग पाहुण्यांसाठी कलावारसा जपणाऱ्या निवासाच्या रूपात खुला केला. पाहुणा राहायला येतो आणि कारागीर काम करताना पाहतो. २०२१ साली चिपीचा विमानतळ सुरू झाला, त्यानंतर गोव्यातला मोपाचा. दूरच्या माणसाला सावंतवाडी जवळ आली. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळाले. म्हैसूरच्या गंजिफांना ते आधीच मिळाले होते.

मानांकनाने काय साधते, याबद्दल अतिशयोक्ती होऊ नये. ते नावाचे रक्षण करते : दुसरीकडे यंत्रावर छापलेल्या पानांना सावंतवाडीच्या गंजिफा म्हणून विकता येणार नाही. हाताचे रक्षण ते करत नाही. ते काम शिकवणाऱ्याचे आणि शिकणाऱ्याचे. मानांकनाच्या निमित्ताने मात्र दोन जुने प्रश्न पुन्हा पुढे आले आणि त्यांची उत्तरे या संस्थेच्या इतिहासातच आहेत.

पहिला प्रश्न साहित्याचा. आज कापडाच्या थरांऐवजी तयार जाड कागद, खनिज रंगांऐवजी बाटलीतले रंग वापरले जातात, मग ही गंजिफा अस्सल कशी? अस्सलपणा साहित्यात शोधला तर मुळातली गंजिफाही अस्सल ठरणार नाही, कारण श्रीमंतांची गंजिफा हस्तिदंताची आणि कासवाच्या कवचाची असे, सामान्यांची कागदाची आणि कापडाची. साहित्य नेहमीच ऐपतीप्रमाणे बदलत आले. सुलेखनकार आज बोरू सोडून पोलादी निब वापरतो, शाईही कारखान्यातली घेतो. त्याचे अक्षर त्यामुळे खोटे होत नाही. छापील मासा आणि हाताने काढलेला मासा यांच्यातला फरक मात्र खऱ्या-खोट्याचा आहे. छापलेले पंचावन्न मासे तंतोतंत सारखे असतात. हाताने काढलेले पंचावन्न मासे एका वळणाचे असतात. या दोन सारखेपणांतले अंतर ज्याला कळते त्याला कार्यशाळा कशासाठी आहे हे कळते. तरीही साहित्याबाबत एक सूचना करावीशी वाटते. चिंचोक्याची खळ, दगडाची घोटाई आणि लाख ही जुनी रीत येणारे हात कार्यशाळेत कायम असावेत आणि त्या रीतीने अधूनमधून एखादा संच पूर्ण केला जावा. रोजच्या विक्रीसाठी ते परवडणार नाही. पण रीत विसरली की ती पुन्हा शिकवायला आता पुंडलिक चितारी नाहीत.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. जी विद्या एका समाजाच्या घराघरांत होती ती राजवाड्याच्या एका कार्यशाळेत आली. यात चितारआळीचे काय झाले? उत्तर देताना काळाचा क्रम विसरता कामा नये. विद्या चितारआळीतून राजवाड्याने नेली तेव्हा चितारआळीत ती एका वृद्ध माणसापुरतीच उरली होती. घराण्याची विद्या घराण्यातच राहिली पाहिजे हा नियम बाजारपेठ भरात असताना कारागिराचे रक्षण करतो. बाजारपेठ संपली की तोच नियम विद्येचा शेवट करतो. पहिले दोन शिष्यच चितारी समाजाबाहेरचे होते, आणि त्यामुळे शिकण्याची वाट सर्वांना मोकळी झाली. आता उलट दिशेने पाऊल पडायला हवे. चितारआळीतल्या लाखकामाच्या घरांत आणि सिंधुदुर्गातल्या शाळांच्या चित्रकलेच्या तासांत गंजिफाचा कित्ता पोचायला हवा. मुलांना पंचावन्न मासे काढायला लावू नयेत. एक ते पाचच पुरेत. त्यातून एखाद्या हाताला वळण लागेल.

आणि त्या मुलांना खेळही शिकवायला हवा. दशावतारी गंजिफात दिवसा रामाच्या रंगाने डाव सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या. पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या पाच रंगांत उलट, म्हणजे एक्का मोठा आणि दश्शी लहान. हुकूम नसतो, सगळी भिस्त स्मरणावर, कुठल्या रंगाची कुठली पाने पडून गेली ते लक्षात ठेवण्यावर. चाळीस पाने हातात धरून हा खेळ खेळणारी माणसे कोकणात आणि देशावर एकेकाळी घरोघर होती. त्यांची नातवंडे आज साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांच्यापैकी काहींना नियम अजून आठवत असतील. ज्यांच्या घरी माळ्यावर रंगीत लाकडी पेटीत गोल पानांचा जुना संच पडून असेल, त्यांनी तो अपुरा आहे म्हणून टाकून देऊ नये; पाने मोजावीत, कुठली हरवली आहेत ते लिहून ठेवावे. हरवलेले पान जुन्या पानावरून रंगवून मिळावे अशी सोय कार्यशाळेने करावी. आणि ज्यांना खेळ येतो त्यांनी एखाद्या सुट्टीत घरातल्या दोन मुलांना सोबत घेऊन एक डाव मांडावा. दिवसा मांडला तर रामाचा रंग आधी.